कॉफी मेकरमधला क्षार : व्हिनेगर, लिंबूसत्व की कंपनीची बाटली?

पाच-सहा मिनिटांत चार कप कॉफी उतरवणारा कॉफी मेकर हळूहळू दहा-बारा मिनिटं घ्यायला लागतो. मधूनच फुसफुसतो, नुसती वाफ सोडतो आणि टाकीच्या तळाशी बोटभर पाणी तसंच ठेवून बंद पडतो. कॉफीही पूर्वीसारखी उतरत नाही. मग घरात पूड बदलली जाते, चमचा वाढवला जातो, दुकानदाराला दोष दिला जातो. खरा दोष बहुतेक वेळा यंत्राच्या पोटात असतो. पाणी तापवणाऱ्या नळीला आतून पांढरा, खरखरीत थर बसलेला असतो. गिझरचं कॉइल बदलायला आलेला इलेक्ट्रिशियन ज्याला 'क्षार बसलाय' म्हणतो, तोच हा क्षार.

तो काढायचा कसा, याबद्दल मात्र एकमत नाही. कुणी स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर ओततं, कुणी किराणा दुकानातून लिंबूसत्वाची पुडी आणतं, तर कुणी कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेली महाग बाटलीच वापरतं आणि बाकी सगळ्याला धोका म्हणतं. प्रत्येक पक्षाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. बाटलीतलं द्रावण आणि पुडीतली पावडर ही मोजक्या आम्लांचीच रूपं आहेत. त्यामुळे 'घरगुती की विकतचं' या वादात फार अर्थ नाही. आपलं पाणी कसं आहे, यंत्रात कोणता धातू आहे आणि आम्ल गरम वापरायचं की गार, या तीन गोष्टींवर निकाल लागतो.

पाण्यातून आलेला दगड

पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. खडकांतून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात सोबत नेतं. हे पाणी तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. खडू, संगमरवर आणि अंड्याचं टरफल यांतलं मुख्य द्रव्य हेच. साखर किंवा बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेटचं उलट आहे. पाणी जितकं गरम, तितकं ते कमी विरघळतं. म्हणूनच थर टाकीत न बसता यंत्रातल्या सर्वांत तापलेल्या जागी बसतो.

महाराष्ट्राचा 80 टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या काळ्या कातळाने, बेसाल्टने व्यापलेला आहे. या खडकातली खनिजं झिजताना भूजलाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुरवतात. त्यामुळे विहिरीचं आणि बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. मुंबईला येणारं तानसा, वैतरणा, भातसाचं किंवा पुण्याला येणारं खडकवासला साखळीचं पाणी म्हणजे धरणात साठलेला पाऊस. ते तुलनेने हलकं असतं. पण शहराच्या कडेला वाढलेल्या सोसायट्यांत नळाचं पाणी अपुरं पडलं की बोअर आणि टँकर येतात. एकाच शहरात, एकाच कंपनीचं, एकाच दिवशी घेतलेलं यंत्र एका घरी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतं आणि दुसऱ्या घरी वर्षाच्या आत कुरकुरायला लागतं, त्यामागे हेच कारण असतं. जड पाण्याची जुनी घरगुती ओळख आजही खरी ठरते : साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं जातं. जर्मनीत कठीणपणा अंशांत मोजतात. तिथला एक अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 17.8 मिलिग्रॅम, आणि 14 अंशांच्या पुढचं, म्हणजे साधारण 250 मिलिग्रॅमच्या वरचं पाणी 'कठीण' गटात जातं. आपल्याकडे नाइलाजाने चालणारं 600 मिलिग्रॅमचं पाणी या मोजपट्टीवर 33 अंशांच्या पुढे जाईल. अनेक कॉफी यंत्रं युरोपात घडवली जातात किंवा तिथला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून आखली जातात, हे ध्यानात घेतलं की पुस्तिकेतलं 'तीन महिन्यांनी एकदा' आपल्या बोअरच्या पाण्याला का पुरत नाही ते कळतं.

इथे एक घोटाळा हमखास होतो. पाणी शुद्ध करणारी यंत्रं विकणारे विक्रेते टीडीएसचं छोटं मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतात, आणि तोच कठीणपणाचा आकडा मानला जातो. ते मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं आणि तिच्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. त्यातले थर धरणारे क्षार किती, हे त्याला कळत नाही. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा हे याचं चांगलं उदाहरण. तिथल्या मचूळ पाण्याच्या टीडीएसमध्ये सोडियमच्या क्षारांचा वाटा मोठा असतो, आणि मीठ काही किटलीत दगड होऊन बसत नाही. यंत्राच्या दृष्टीने कामाचा आकडा वेगळा असतो, तो कठीणपणाच्या चाचणीपट्टीने किंवा प्रयोगशाळेतल्या तपासणीने मिळतो.

हा थर पोटात गेला तर मूतखडा होतो, अशीही भीती असते. मूतखडे बहुतेक वेळा कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, किटलीतला थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. थर काढायचा तो यंत्रासाठी आणि कॉफीच्या चवीसाठी.

नळीत काय घडतं

कागदी फिल्टरची कॉफी जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये रूढ केली. ती विजेवर आपोआप गाळणारं 'विगोमाट' हे यंत्र 1954 मध्ये जर्मनीतच आलं, आणि 1972 मध्ये अमेरिकेत आलेल्या 'मिस्टर कॉफी'ने ही पद्धत घरोघरी नेली. आजही साध्या ड्रिप कॉफी मेकरचा गाभा फारसा बदललेला नाही. त्याला पंप नसतो. भांडं गरम ठेवणाऱ्या तव्याच्या खाली अॅल्युमिनियमची वळवलेली नळी असते आणि तिलाच चिकटून तापणारं कॉइल. टाकीतलं पाणी एका एकदिशा झडपेतून या नळीत उतरतं, उकळायला लागतं आणि वाफेचे बुडबुडे गरम पाण्याला वर ढकलत कॉफीच्या पुडीवर नेऊन सोडतात.

थर बसला की नळी अरुंद होते आणि कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचायला उशीर लागतो. धातू जास्त तापतो, थर्मोस्टॅट वीज तोडतो, थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. पाण्यापेक्षा वाफ जास्त तयार होते, म्हणून फुसफुस वाढते. चांगल्या ड्रिप कॉफीला 92 ते 96 अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. थर बसलेल्या यंत्रातून ते आचके देत, कधी कमी तापलेलं, असं पडतं. कॉफी एकाच वेळी पाणचट आणि कडवट लागण्याचं हे एक मोठं कारण.

क्षारामुळे विजेचं बिल भरमसाट वाढतं, हा जाहिरातींतला दावा मात्र ताडून घ्यावा. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता थर असला तरी शेवटी पाण्यातच जाते, थोडी उशिरा. विजेचं नुकसान त्या मानाने कमी होतं. खरं नुकसान कॉइल जळण्याचं, थर्मल फ्यूज उडण्याचं आणि झडप अडकण्याचं असतं.

एस्प्रेसो आणि कॅप्सूलच्या यंत्रांत प्रकरण आणखी नाजूक आहे. तिथे पंप असतो, पाण्याला अरुंद वाटांतून पळवत तापवणारा थर्मोब्लॉक असतो, पाणी मोजणारं चाक असतं आणि विजेवर उघडणाऱ्या बारीक झडपा असतात. थर जाड झाला असेल आणि आम्लाने तो अर्धवट सुटला, तर त्याची खपली वाहत जाऊन झडपेत अडकते. 'क्षार काढला आणि यंत्र बंदच पडलं' अशी तक्रार दुरुस्तीवाल्यांकडे येते, तिच्यामागे अनेकदा ही खपली असते. थर पातळ असतानाच काढणं इथे फार महत्त्वाचं.

घरातली आम्लं

शहाबादी फरशीवर लिंबू पिळताना थेंब सांडला आणि तसाच राहिला, तर तिथली चकाकी जाऊन पांढुरका डाग उमटतो, हे कित्येक घरांत पाहिलेलं असतं. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक. लिंबातल्या सायट्रिक आम्लाने तिचा वरचा पापुद्रा खाल्लेला असतो. क्षार काढण्याची सगळी विद्या याच क्रियेवर उभी आहे : आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला गाठतं, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात आणि कॅल्शियम पाण्यात उतरतं.

सर्वांत हाताशी असतं ते पांढरं व्हिनेगर. त्यात साधारण 4 ते 5 टक्के अॅसेटिक आम्ल असतं. त्याचा एक गुण क्वचितच सांगितला जातो : त्यातून तयार होणारं कॅल्शियम अॅसिटेट पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे गाळ मागे राहत नाही. अवगुण मात्र ठळक आहेत. आम्लाचं प्रमाण कमी असल्याने व्हिनेगर भरपूर लागतं, गरम केल्यावर त्याची वाफ नाका-डोळ्यांत जाते, वास प्लास्टिकच्या टाकीत आणि रबरी वायसरमध्ये मुरतो. तांबं आणि पितळ यांना ते हळूहळू खातं, काही रबरी सीलनाही सोसत नाही. कंपन्यांची भूमिकाही एकसारखी नाही. केउरिगच्या जुन्या पुस्तिकांत पांढऱ्या व्हिनेगरने यंत्र स्वच्छ करण्याची रीत दिलेली असे. नेस्प्रेसो मात्र व्हिनेगर अजिबात वापरू नका, असं स्पष्ट बजावते. दोन्ही सल्ले आपापल्या यंत्रांतल्या धातूंना आणि सीलना धरून आहेत. एकाचा सल्ला दुसऱ्याच्या यंत्राला लावला की पंचाईत होते.

लिंबाचा रस ताजा, नैसर्गिक म्हणून आवडतो. त्यात सुमारे 5 टक्के सायट्रिक आम्ल असतं खरं, पण सोबत गर, साखर आणि सालीतलं तेलही असतं. किटलीला तो चालेल. कॉफी यंत्राच्या बारीक वाटांत गर अडकतो. त्यापेक्षा लिंबूसत्व, म्हणजेच कोरडं सायट्रिक आम्ल, कधीही चांगलं. कार्ल विल्हेल्म शेले या रसायनज्ञाने 1784 मध्ये लिंबाच्या रसातून ते वेगळं काढलं. जेम्स करी यांनी 1917 मध्ये एका काळ्या बुरशीकडून साखरेपासून ते बनवून घेण्याची रीत शोधली आणि दोनच वर्षांत फायझर कंपनीने तिचा कारखाना चालवला. आज दुकानात मिळणारं लिंबूसत्व बहुतेक करून अशा बुरशीचंच असतं, लिंबाचं नव्हे. ते स्वस्त आहे, त्याला वास नाही, खाण्याच्या दर्जाचं मिळतं आणि धुवून गेल्यावर मागे काही ठेवत नाही.

चिंचेनं तांब्याची भांडी लखलखतात म्हणून काही जण चिंचेचं पाणी सुचवतात. चिंचेतलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि त्याचं कॅल्शियमशी होणारं संयुग पाण्यात फारसं विरघळत नाही. शिवाय कोळ अडकतो तो वेगळाच. कोलाच्या पेयांत फॉस्फोरिक आम्ल असतं, पण साखरेचा चिकट थर यंत्रात सोडणं म्हणजे एक घाण काढून दुसरी भरणं.

खाण्याच्या सोड्याचा गैरसमज सगळ्यांत पसरलेला आहे. व्हिनेगरमध्ये सोडा टाकला की जोरदार फसफसतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, काम चाललंय. प्रत्यक्षात सोडा आम्लाला संपवत असतो. थराच्या वाट्याला जे आम्ल यायचं ते बुडबुड्यांतच खर्च होतं. इनोच्या पुडीचंही तेच : तिच्यात सायट्रिक आम्ल असतं, पण त्याला मारणारा सोडाही असतो. सोड्याचा उपयोग आहे, पण वेगळ्या घाणीवर. कॉफीचं तेल भांड्याला, गाळणीला तपकिरी चिकटा धरतं. तो काढायला सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागतो. क्षाराला आम्ल, तेलाला सोडा. दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी किंवा मध्ये भरपूर पाणी घालवून करावीत.

बाटलीत काय असतं

दुकानातल्या डीस्केलर बाटल्यांवर कॉफीच्या कपाचं चित्र मोठं असतं आणि आम्लाचं नाव पाठीमागे बारीक अक्षरांत. ते वाचलं की तीन नावं पुन्हा पुन्हा दिसतात : लॅक्टिक, सल्फॅमिक आणि आपलं ओळखीचं सायट्रिक.

लॅक्टिक आम्ल दह्यातलं. डेलोंगी आपल्या यंत्रांसाठी आणि नेस्प्रेसो आपल्या डीस्केलिंग संचात तेच वापरते. त्याचं कॅल्शियमचं संयुग सायट्रिकच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त विरघळतं, गरम पाण्यात तर आणखी. धातूंशी ते सौम्य वागतं. म्हणून पंप, झडपा आणि थर्मोब्लॉक असलेल्या यंत्रांना ते मानवतं. याबाबतीत महागड्या बाटलीची बाजू खरी आहे, आणि ती मान्य करायला हवी.

सल्फॅमिक आम्ल जास्त जोरकस. स्वित्झर्लंडच्या डुरगोलमध्ये ते आहे, कारखान्यांतले बॉयलर साफ करायलाही ते वापरतात. थर पटकन विरघळतो, गाळ राहत नाही. मात्र जास्त गरम पाण्यात त्याचं विघटन होऊन सल्फेट तयार होतं, आणि कॅल्शियम सल्फेट म्हणजे जिप्सम. तो थर साध्या आम्लांना दाद देत नाही. त्यामुळे हे आम्ल उकळत्या पाण्यात वापरू नये. पावडर हाताळताना हातमोजे हवेतच.

आणि सायट्रिक? केउरिगचं स्वतःचं डीस्केलर सायट्रिक आम्लाचं आहे. म्हणजे काही बाटल्यांत आपण लिंबूसत्वच विकत घेतो, पाणी घालून, मापून, रंगीत वेष्टनासह. मापाची आणि खात्रीची किंमत मोजायला हरकत नसावी, पण काय विकत घेतोय हे ग्राहकाला माहीत असायला हवं.

हिशेब, आणि गरम-गारचा पेच

लिटरला 300 मिलिग्रॅम कठीणपणाचं पाणी रोज एक लिटर वापरलं, तर वर्षभरात त्यातून सुमारे 110 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट यंत्रातून जातं. पाणी यंत्रात क्षणभरच थांबतं, म्हणून त्यातला थोडाच भाग थर होऊन बसतो. समजा एक दशांश बसला, तर 11 ग्रॅम. एवढा थर विरघळवायला रसायनशास्त्राच्या हिशेबाने 14 ग्रॅम सायट्रिक आम्ल पुरतं, लॅक्टिक सुमारे 20 ग्रॅम लागतं, सल्फॅमिक 21 ग्रॅम. व्हिनेगर 4 टक्क्यांचं असेल तर 330 मिलिलिटर. त्यात निम्मं पाणी घातलं तरी आम्लाची मात्रा तीच राहते, फक्त काम सावकाश होतं.

सायट्रिकचा हिशेब इतका सरळ मात्र नाही. कॅल्शियम सायट्रेट लिटरभर पाण्यात ग्रॅमभरच विरघळतं, आणि पाणी तापलं की त्याहून कमी. कमी आम्ल, जाड थर आणि उकळतं पाणी असा मेळ जमला, तर जुन्या थराच्या जागी पांढरा, बारीक गाळ बसतो. तो काढणं मूळ क्षारापेक्षाही जिकिरीचं. यावर दोन उपाय आहेत. पहिला, आम्ल हिशेबापेक्षा बरंच जास्त घ्यायचं, लिटरला 40 ते 50 ग्रॅम. जादा आम्लात कॅल्शियम जास्त विरघळणाऱ्या रूपात राहतं. दुसरा, द्रावण गार किंवा फार तर कोमट वापरायचं. किटलीत आणि बादलीत बुडवता येणाऱ्या इमर्शन रॉडला हे सहज जमतं.

अडचण ड्रिप कॉफी मेकरची आहे. तो तापल्याशिवाय पाणी चढवतच नाही, कारण वाफ हाच त्याचा पंप. तिथे द्रावण थोडंसं चढवून यंत्र बंद करायचं आणि नळीत भिजू द्यायचं, एवढंच हाती असतं. थर पातळ असेल आणि वेळच्या वेळी काढला जात असेल तर लिंबूसत्व तिथेही चांगलं काम करतं. थर वर्ष-दोन वर्षांचा असेल तर लॅक्टिक आम्लाची बाटली घेणं शहाणपणाचं. एस्प्रेसो आणि कॅप्सूल यंत्रांत तर पहिल्यापासूनच लॅक्टिक किंवा कंपनीने सांगितलेलं द्रावण वापरावं. हजारोंच्या यंत्रात काही शेकड्यांची बचत करण्याला अर्थ नाही.

करायचं कसं

आधी पुडीचा कागद, कोळशाचं किंवा पाणी मऊ करणारं फिल्टर काढून ठेवावं. लिटरभर गार पाण्यात 40 ग्रॅम लिंबूसत्व पूर्ण विरघळवून टाकी भरावी. खडा शिल्लक राहता कामा नये. यंत्र सुरू करून कपभर द्रावण खाली आलं की बंद करावं आणि वीस-पंचवीस मिनिटं तसंच ठेवावं. पुन्हा सुरू करून कपभर उतरवावं, पुन्हा थांबावं. खाली आलेलं द्रावण गढूळ, पांढुरकं दिसेल. ते परत टाकीत ओतू नये, त्यात कॅल्शियम आधीच भरलेलं असतं. टाकी रिकामी झाली की साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या चालवाव्यात. शेवटच्या पाण्याला आंबटपणा राहिला नाही म्हणजे काम झालं. आवाज कमी झाला आणि कॉफीला पूर्वीएवढाच वेळ लागू लागला, तर थर गेला. नाहीतर दुसऱ्या दिवशी ताज्या द्रावणाने पुन्हा एकदा.

ओट्याची काळजी यंत्राइतकीच घ्यावी. कडप्पा आणि संगमरवर दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचेच दगड. यंत्राखाली सांडलेलं डीस्केलर त्यांच्यावर कायमचा डाग पाडतं. खाली स्टीलची परात ठेवली की प्रश्न मिटतो. ग्रॅनाइटला हा धोका नाही.

टॉयलेट साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्ल 'थोडंसंच' वापरण्याचा सल्लाही ऐकू येतो. तो मानू नये. ते अॅल्युमिनियमची नळी झपाट्याने खातं, त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडतं, आणि ज्यातून आपण पिणार त्या भांड्यात त्याला जागा नाही. कोणतंही आम्ल ब्लीचमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. सिंकमध्ये आधी ब्लीच टाकलेलं असेल तर वापरलेलं द्रावण तिथे ओतू नये.

मोठ्या तांब्या-पितळेच्या बॉयलरची यंत्रं मात्र घरी उघडून आम्लात बुडवण्याची नव्हेत. त्यांत सुटलेलं तांबं आणि अडकलेली खपली हा तज्ज्ञाने हाताळायचा मामला. अशी यंत्रं बनवणाऱ्या काही कंपन्या घरी डीस्केलिंग करूच नका, पाणी मऊ वापरा, असं सांगतात.

किती दिवसांनी?

सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर इथे नाही. आधुनिक यंत्रांत पाण्याचा कठीणपणा नोंदवायची सोय असते, सोबत चाचणीची पट्टीही मिळते. अनेक घरांत ती खोक्यातच राहते. यंत्र मग कारखान्यात ठरवलेल्या आकड्यावर चालत राहतं आणि क्षार काढायची आठवण देणारा दिवा उशिरा लागतो. म्युनिक किंवा लंडनला राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना हा धडा पहिल्या काही महिन्यांतच मिळतो, कारण दोन्ही शहरांचं पाणी चांगलंच कठीण आहे. तिथल्या सुपरमार्केटात डीस्केलर साबणाशेजारी ठेवलेलं असतं आणि पाणी पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या भागाचा कठीणपणा जाहीर करतात.

हलक्या धरणाच्या पाण्यावर ड्रिप यंत्राला सहा महिन्यांनी एकदा पुरतं. बोअर किंवा टँकरचं, 300 मिलिग्रॅमच्या वरचं पाणी असेल तर महिना-दीड महिन्यात काढलेलं बरं. पुस्तिकेतलं द्रावण सोडून दुसरं वापरल्यास वॉरंटीचा प्रश्न येऊ शकतो. तेवढी मुदत तरी बाटलीवर खर्च करावा आणि पावती जपून ठेवावी.

थर बसूच नये म्हणून

जुना उपाय सर्वांत सोपा : पाणी आधी उकळून, निवू देऊन, वरचं निथळून घ्यायचं. तापवल्यावर सुटणारा कठीणपणा त्या भांड्यातच राहतो. रोज कॉफीसाठी हे करणं मात्र कुणाच्या जिवावर येईल. जर्मनीत 1966 मध्ये सुरू झालेल्या ब्रिटा कंपनीची फिल्टर लावलेली सुरई हेच काम आयन बदलणाऱ्या रेझिनने करते. बंगल्यांत आणि सोसायट्यांत बसवलेला मिठाचा सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. थर थांबतो, पण बायकार्बोनेट तसंच राहतं आणि कॉफीतला हवासा आंबटपणा बोथट करतं.

आपल्याकडे आरओ अनेक घरांत आहे आणि त्याचं पाणी थर जवळजवळ धरत नाही. प्रश्न चवीचा आहे. क्रिस्टोफर हेंडन आणि कोलोना-डॅशवूड दांपत्याने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुडीतली चव ओढून काढायला पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मदत करतात, असं दाखवलं. खनिजं पार काढून टाकलेल्या पाण्याची कॉफी सपक लागते. आरओच्या पाण्यात थोडं साधं पाणी मिसळणं हा मधला मार्ग. बऱ्याच आरओ यंत्रांत त्यासाठी टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतोच. पिण्यालायक नळाचं पाणी उपलब्ध असेल तर एक भाग नळाचं आणि दोन-तीन भाग आरओचं, असं करून बघावं. चव टिकते आणि डीस्केलिंगच्या दोन फेऱ्यांमधलं अंतरही वाढतं.

बाकी दोन गोष्टी ग्राहकांनी मागून घ्यायच्या आहेत. डीस्केलर विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने आम्लाचं नाव, त्याचं प्रमाण आणि द्रावण किती गरम चालतं, हे बाटलीच्या पुढच्या बाजूला मराठीत आणि इंग्रजीत छापावं. ही माहिती नसताना 'सर्व यंत्रांसाठी' या दोन शब्दांवर विश्वास ठेवायला ग्राहकाला सांगणं योग्य नाही. आणि सोसायट्यांनी टाकीच्या पाण्याचा कठीणपणा वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, तपासून सूचना फलकावर लावावा. टँकर सुरू झाला की आकडा बदलतो, तेव्हा तिसऱ्यांदा. त्या एका आकड्यावरून गिझर, वॉशिंग मशीन, वाफेची इस्त्री आणि कॉफी मेकर यांचं साफसफाईचं वेळापत्रक घरटी ठरवता येईल, आणि कुठलं आम्ल आणायचं हेही दुकानात जाण्याआधी ठरलेलं असेल.